मावशीचं वरण

माय, तू जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी अजून तुझ्याच वरणावर पोट भरतो. हे मी कोणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, नागपूरचा हा गाणारा स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतःच्या हिमतीवर वर आला. कार्यक्रमात पहिली फर्माईश 'मावशीचं वरण'चीच असते, आणि ती मावशी म्हणजे माझी सख्खी आई, हे कोणाला ठाऊक नसतं.

बाबा गेल्यावर तू घरातच खानावळ काढली होतीस. बाहेरच्या खोलीत कॉलेजच्या पोरांच्या दोन पंगती, तू चुलीपुढे, मी वाढायला. स्वयंपाक वीस जणांचा, जेवणारे बावीस. वरचे दोघं मौद्याकडचे. त्यांच्या घरची मनिऑर्डर बंद झाली होती, पण तू त्यांना पानावरून उठवलं नाहीस. वरणात तांब्याभर पाणी ओतायचीस, मीठ-तिखट वाढवायचीस आणि मला म्हणायचीस, "पान्यानं कोनाचं पोट दुखत नाही." हे मी रोज पाहत होतो. माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही.

आणि गॅदरिंगमध्ये स्टेज मिळालं तेव्हा मी काय लिहावं? 'मावशीचं वरण, का खोल विहीर? तळाले जाऊन आलो, डाळ गैरहजीर.' पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. सगळ्यात मोठ्यानं आपलेच जेवणारे हसत होते. मला ते हसणं चढलं, माय. आठ दिवसांत गल्लीतले पोट्टे आपल्या दारावरून तेच म्हणत जायला लागले.

तू पोळ्या लाटत होतीस. "तुनं गानं केलं म्हनतेत. मले म्हनून दाखव ना." मी तिथल्या तिथं शब्द बदलले, वरणाचं अमृत केलं आणि चांगलं घोळवून म्हटलं. तुझं लाटणं थांबलं नाही. "पोट्टे म्हनतेत तेच बरं हाय गा. त्याले चाल बसते," एवढंच म्हणालीस. दोन ठेवून दिल्या असत्यास तर मी सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी वरण घट्ट. पोरं म्हणाली, मावशी, आज काय विशेष? तू पुढची पोळी तव्यावर टाकलीस. मौद्याकडचे दोघं नेहमीसारखे शेवटच्या पंगतीला आले, तेव्हा पातेलं कोरडं होतं. तू दारात जाऊन म्हणालीस, "आज पुरलं नाही बाबू." त्याच्या पुढच्या दिवशीही पुरलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. त्यातल्या एकानं कॉलेज सोडलं असं कानावर आलं. मी विचारायला गेलो नाही. खानावळ चालली तोवर तू वरण घट्टच केलंस.

तू गेल्यावर कॅसेट निघाली आणि ते गाणं पानठेल्यापासून लग्नाच्या बँडपर्यंत पोचलं. सत्कारात विचारतात, प्रेरणा कोणाची? मी म्हणतो, आईची. टाळ्या पडतात. परवा हुडकेश्वरच्या कार्यक्रमाला ठरवूनच गेलो होतो, गाणं म्हणायचं नाही, त्या दोघांची हकीकत सांगायची. दोन वाक्यं बोललोही. समोरून "वरण, वरण" सुरू झालं आणि मी पेटी ओढून घेतली. चारही कडवी म्हटली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून माफी मागायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तीही नीट मागता येत नाही. खरं सांगू माय? लोक त्या 'गैरहजीर'वर हसले की मला अजूनही बरं वाटतं.