रेणुकेला काय आठवत होतं

आई, काल सकाळी विहिरीच्या कठड्यावरून ते पुस्तक माझ्या हातात परत आलं आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. कादंबरी आहे, रेणुकेची. ठाण्याच्या वाचनालयातून मीच आणली होती आणि शेजारच्या मुलीला मीच वाचायला दिली होती. तू जिच्या ओंजळीत बोरं घालायचीस, तीच ती. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, आता वीस वर्षांची आहे. माझा जीव आहे तिच्यावर, लपवत नाही. तिच्या वडिलांनी इतकी वर्षं केसांना वस्तरा लागू दिला नाही. गेल्या महिन्यात ते गेले, आणि भावाने आज न्हाव्याला बोलावलंय.

परवा मी त्याच्याशी भांडलो. "कॉलेज अर्धवट टाकून कल्याणभर हिंडणारा टवाळ तू, आम्हांला शिकवतोस?" असं म्हणाला, तशी मी त्याची गचांडी धरली. तिने काल पुस्तक देताना एवढंच म्हटलं, "आरडाओरड पुरे झाली. दुमडलेलं पान वाचा."

पुराणातला परशुराम बापाच्या शब्दाखातर आईचं मस्तक उडवतो, आणि मग वर मागतो की आई उठावी, तिला यातलं काही आठवू नये. तूच सांगायचीस ही गोष्ट. कादंबरीतली रेणुका उठते, मुलगा ओढ्यावर परशू धुताना बघते आणि विचारते, "भूक लागली असेल ना रे?" तिला सगळं आठवत असतं. मुलाला जगता यावं म्हणून ती जन्मभर विसरल्याचं सोंग करते.

ते पान वाचल्यापासून मी इथे तुझ्या चुलीपाशी बसलोय. बाबांचा दहावा दिवस आठवतोय, मी तेव्हा सोळा वर्षांचा. तू दाराआडून म्हणालीस, "बाळ, तू नको म्हण. तुझं ऐकतील." काकांनी मला मुंबईला कॉलेजात घालायचं कबूल केलं होतं. मी गप्प राहिलो. काकांनी माझ्या हातात तांब्या दिला, मी तुझ्या डोक्यावर पाणी ओतत राहिलो आणि वस्तरा चालला. सुतक फिटतं. लाल आलवणाचा पदर कपाळावर ओढून तू मला वाढतेस, विचारतेस, "आमटी आळणी नाही ना झाली?" मी खुशाल भुरके मारतो. विसरली, असं वाटतं मला. वर्षभरात तू गेलीस, तरी तसंच वाटत राहिलं. ते कॉलेज मला पुरं करवलं नाही, एवढंच.

पलीकडच्या पडवीत न्हाव्याने धोकटी ठेवल्याचा आवाज आला. हा कागद पिठाच्या डब्याखाली सरकवतो. तुला पाठवायचा तरी कुठे? पण वर एक खोटं लिहिलंय. मित्रांना तेच सांगितलं, तिलाही तेच. काकांनी तांब्या दिला नव्हता. कुणी मागितलासुद्धा नव्हता. घंगाळापाशी होता, मीच उचलला.

हे तिला सांगायचंय, न्हाव्यादेखत, वस्तरा उघडायच्या आत. मग तिच्या भावाने हाडं मोडली तरी तिथून हलायचं नाही. निघालो, आई. दार ओढून घेतो.