भरवायचं नाही

मुलुंड, ६ ऑक्टोबर २०२५

ती. सोनूआत्यास श्रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रविवारी बाबांच्या डाव्या, धडधाकट हातावर चढवलेला जाड मोजा पाहिलास आणि भावाला बांधून ठेवलंय म्हणत चहासुद्धा न घेता निघून गेलीस. अगं, पक्षाघाताने उजवा हात अधू झालाय, तो वापरावाच लागावा म्हणून डाव्याला रजा! तीही फिजिओथेरपिस्ट माधुरीताई सांगतात तेवढाच वेळ.

अशा एका बाजूच्या अशक्तपणावर जगभर काय संशोधन चाललंय, ओढा कुठे वळतोय, हे पाहणं हेच तर पवईच्या संशोधन संस्थेत माझं काम. यंत्रमानव, पडद्यावरचे खेळ, मेंदूला सौम्य वीज, यांवरचे लेख सध्या भराभर वाढतायत. पण हात पुन्हा पुन्हा वापरायला हवा, यावर सगळ्यांचाच भर. तू भरवतेस आणि तो हात मांडीवर झोपून राहतो. आत्ता जागा नाही झाला तर पुढे फार कठीण. मला भीती वाटते गं.

भाऊबीजेला ये. राग घरी ठेव, लोभ घेऊन ये.

तुझी श्रुतिका

घाटकोपर, १० ऑक्टोबर

चि. श्रुतिकास कान पिळून आशीर्वाद.

जगभरच्या शहाण्यांना नमस्कार सांग. त्यांच्यात कोणाला भाऊ आहे का, तेही विचार. आई गेल्यावर दादा गिरणीतून दमून यायचा आणि मला भरवायचा. आता माझी पाळी आली तर नुसती बघत बसू? भात सांडला की त्याचं तोंड एवढंसं होतं, मला बघवत नाही.

येईन, ओवाळीन आणि भरवीनही. तुझ्या यंत्रमानवाला काय करायचं ते करू दे.

रुसलेली, तरी तुझीच, आत्या

मुलुंड, १४ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. खूप हसले. मग म्हणाले, सोनू भरवते तेव्हाच मला आपण आजारी असल्यासारखं वाटतं. पुढे काय लिहू? माया आहेच, ती तशीच राहू दे.

श्रुतिका

घाटकोपर, २५ ऑक्टोबर

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला तू आत पुऱ्या तळत होतीस, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहिते. दादाने उजव्या हाताने घास उचलला. सांडला. माझा हात निघालाच होता, तो मी मांडीखाली दाबून धरला. दुसराही सांडला. मी पंख्याकडे बघत बसले. तिसरा कसाबसा वळला, पण तो त्याने स्वतःच्या तोंडाकडे नेलाच नाही. वाकून माझ्या तोंडाशी आणला.

निम्मा नव्या साडीवर गेला. वरणात मीठ कमी होतं, पण मी काही बोलले नाही. नंतर दादा पाकीट द्यायला लागला, तर मी त्याला सांगितलं, ओवाळणी केव्हाच पोचली.

माधुरीताईंना माझा नमस्कार. आत्यावर माया असू दे.

तुझी आत्या