आप्पांच्या एका शब्दाचा रोख

९ जानेवारी
आप्पांना दवाखान्यातून माझ्या घरी आणून आज सहा दिवस. उजवा पाय थोडा उचलतात. हात अजून नाही. बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द सोडून सगळं गेलं. "बराबर." पाणी हवं, बराबर. पाणी नको, बराबर. माझ्याकडे बघूनही बराबर. मायेने की वैतागून, ते कळत नाही.
झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला, बोलण्याच्याच जागेवर. डॉक्टर म्हणाले, काही शब्द परत येतील, काही येणार नाहीत. मी विचारलं, "पण आत सगळं शाबूत आहे ना?" ते म्हणाले, "आत म्हणजे?"
पाच वर्षं तत्त्वज्ञानात ह्याच प्रश्नावर पीएच.डी. करते आहे.

१२ जानेवारी
मायला सगळं कळतं. निदान तिचं तसं म्हणणं. जाफराबादच्या पुढचं आमचं गाव सोडून ती पहिल्यांदाच जालन्यात इतके दिवस राहतेय. स्वयंपाकघरात तिला काही सापडत नाही, पण आप्पांचा शब्द दुसऱ्या खोलीतून बरोबर ऐकू येतो.
"पंखा बंद कर म्हनून राह्यले."
"कशावरून?"
"बोलले की आत्ता."
"बराबर एवढंच म्हणाले, माय."
"तोंड बराबर म्हनतंय गं. रोख पंख्याकडं हाय."
पंखा बंद केला. आप्पांनी डोळे मिटले.
रोख! आमचे गाईड सर ह्याला विषयोन्मुखता म्हणतात. मी तो शब्द वर्गात फळ्यावर लिहिते आणि पोरी वहीत उतरवून घेतात, बस्स. मी पंख्याचं बटण दाबायच्या आधीच मायने सांगून टाकलं.

१५ जानेवारी
टी.वाय.चा तास. चार जणी. आज 'रोख' वापरून शिकवलं. राग नुसता नसतो, कुणावर तरी असतो. आठवण कशाची तरी असते. मन कायम कुठेतरी वळलेलं असतं. ह्या रोखवाल्या तत्त्वज्ञांचं म्हणणं, अर्थ शोधायचा तर तिथून सुरुवात करा, अनुभवाच्या आतून. दुसऱ्या मंडळींचं म्हणणं, आतलं कुणाला दिसतं? वाक्य उजेडात ठेवा. ते कधी खरं, कधी खोटं, चार माणसांत कसं चालतं ते बघा.
मागच्या बाकावरची सविता: "मॅडम, जो शब्द सगळीकडंच चालतो, त्याला अर्थ हाय का मंग?"
तिला घरचं काही माहीत नाही. मी म्हटलं, पुढच्या तासाला बोलू.

२० जानेवारी
वाचा-उपचाराच्या बाई आल्या. तरुण आहेत, आवाज शांत. चित्रांचे पत्ते. पेला, किल्ली, गाय. आप्पा प्रत्येक पत्त्याला बराबर. मग बाईंनी विचारलं, "तुमचं नाव दगडू का?" "बराबर." (आप्पांचं नाव रामभाऊ.) मान हलवायला सांगितली, तीही होच हलली.
मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांच्या होला सध्या हो समजू नका. समजतंय पुष्कळ, पण किती ते नक्की नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा तरी व्हायला पाहिजे."
गावाकडे हे कुठून होणार.
माय पत्त्यांतली गाय हातात घेऊन बसली होती. "मेंढीचं न्हाई का एखादं?" बाई हसल्या. नव्हतं. संध्याकाळी एक काढलं मी. आप्पा बराच वेळ बघत राहिले आणि हसले. चित्र कुत्र्यासारखं झालंय.

२५ जानेवारी
मायशी भांडण. आप्पा बराबर म्हणाले, तिने पाणी आणलं, त्यांनी डाव्या हाताने पेला सारला. सगळं अंथरूण ओलं.
मी: "बघ, पाणी नको होतं."
"पैले पायजे होतं. मंग नको झालं."
"असं कसं? मग तू कधी चुकणारच नाहीस."
तिने ओली चादर काढली, आप्पांच्या पाठीखाली हात घालून त्यांना कुशीवर वळवलं, कोरडी घातली. मग माझ्याकडे न बघता, "चुकले तर चुकले. त्याह्यला कुनी ऐकून तर राह्यलं ना."
रात्रीची भाकरी तिनेच केली. माझ्या ताटात कडक पापुद्र्याची वाढली, मला आवडते म्हणून. भांडण संपलं असावं.

१ फेब्रुवारी
लिहू की नको. लिहिते.
माय आठ दिवस म्हणतेय, ह्यांना घरला जायचंय. खिडकीतून खाली बघतात, मेंढरं शोधतात. मी म्हणतेय, सहा महिने थांबू. आज जेवताना मी सगळ्यांसमोर विचारलं, "आप्पा, इथंच राहायचं ना? बरं वाटेपर्यंत?"
"बराबर."
"ऐकलंस?" मी मायला म्हटलं. ह्या आवाजाची मला आता लाज वाटतेय.
तिने घास खाली ठेवला. "आवं, घरला जायचं ना आपल्याला?"
"बराबर."
आप्पांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा तिच्याकडे. मग रडायला लागले. आवाज नाही, नुसतं तोंड उघडं. चाळीस-पन्नास मेंढरं पोटाशी धरून उन्हातान्हात फिरलेला माणूस. पोरीच्या लग्नातही रडले नव्हते.
मायने पदराने त्यांचं तोंड पुसलं. मी ताटं उचलली. दुसरं काय करणार.

२ फेब्रुवारी
सुधाकर जावई माणूस, एरवी आमच्या मायलेकींच्या मधे पडत नाहीत. सकाळी ऑफिसला निघताना बूट घालता घालता म्हणाले, "आप्पांना साक्षीदार करू नका गं तुम्ही दोघी. त्यांना आजारी राहू द्या."
दिवसभर तेच डोक्यात. मी मायला म्हणते की तू तुझं म्हणणं त्यांच्या तोंडी घालतेस. काल मी काय केलं? मला हवा तो अर्थ तयार होता. त्यावर फक्त त्यांचा अंगठा घेतला.
मायला म्हटलं, रविवारी गावी जाऊ. विचारायला नाही, भेटायला. ती म्हणाली, "चल." लगेच पिशवी भरायला बसली, अजून सहा दिवस आहेत तरी.

८ फेब्रुवारी
गावाहून परत. एकटीच.
किसनकाकांनी, आप्पांच्या धाकट्या भावाने, मेंढरं तूर काढलेल्या रानात लावली होती. आप्पांना जीपमधून उतरवून बांधावर घोंगडीवर बसवलं. वास आला की काय, ताठ झाले. आणि त्यांनी हाक घातली! मेंढरांना घालतात ती, शब्द नसलेली, जिभेने टाळूवर काढलेली आणि शेवटी लांब ओढलेली. महिन्याभरात बराबरशिवाय काही निघालं नव्हतं त्या तोंडातून. मायने माझा दंड घट्ट धरला.
मेंढरांनी मान वर केली नाही. ओठ एका बाजूला ओढलाय, हाक वाकडी जाते. पुन्हा घातली. एका म्हाताऱ्या मेंढीने तेवढं पाहिलं आणि परत चरायला लागली.
काकांना राहवलं नाही. त्यांनी स्वतःची हाक घातली. सगळा कळप वळला, धावत आला, आप्पांच्या भोवती उभा राहिला. काका ओशाळून म्हणाले, "दादा, तुमच्याचसाठी आनले."
आप्पांनी एका कोकराच्या पाठीवर डावा हात ठेवला. सगळ्यांकडे बघितलं. म्हणाले, "बराबर."
मी मायला हळूच विचारलं, "काय म्हणाले?"
ती कळपाकडे बघत म्हणाली, "हे न्हाई कळलं मला."
असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. मला वाटलं होतं, ती असं म्हणाली की मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही.
निघायच्या वेळी आप्पांना कुणी विचारलं नाही. मायने मला विचारलं, "तू काय म्हनतीस?" मी म्हटलं, "राहू दे. मी दर रविवारी येते. पत्ते घेऊन." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. जीपवाला घाई करत होता.

१० फेब्रुवारी
उपचाराच्या बाई नाराज. रागावल्या नाहीत पण. मला दीड तास बसवून शिकवलं, घरी काय काय करायचं ते. हाकेचं सांगितल्यावर म्हणाल्या, असं होतं. शिव्या, भजन, हाका मागे उरतात, त्या वेगळ्या वाटेने येतात.

२६ फेब्रुवारी
तिसऱ्या प्रकरणाचं एक पान काढून टाकलं. लिहिलं होतं, बोलणाऱ्याला आपला अर्थ सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वच्छ ठाऊक असतो. इतक्या खात्रीने कुणी लिहिलं, मीच का? पण मग उलट बाजूही धरवत नाही. शब्दाचा वापर सगळा उजेडात आहे म्हणावं, तर त्या बांधावर जीपवाल्यासकट पाच माणसं होती भर दुपारी, आणि एकालाही...
गाईड सर म्हणतात, बाजू घ्या, प्रबंध आहे. घेईन.
फोन केला. मायने आप्पांच्या कानाला लावला. "बराबर." मग नुसता श्वास. मायला म्हटलं, काय म्हणतात गं? "तूच ऐक की. तुह्यासंगं बोलून राह्यले." ती हल्ली सांगत नाही. मला मात्र तिच्या सांगण्याची सवय झाली होती. चुकीचं असेना.

१५ मार्च
पाचवा रविवार. ऊन कडक. आप्पा काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात आता. पेला, किल्ली, गाय झालं. काही नवीन नाही. चारला पत्ते आवरले, चपला घातल्या, पाया पडले.
"आप्पा, निघू का मी?"
"न्हाई."
माय दारातच थांबली. मी खाली बसले. पुन्हा विचारलं, शब्द न बदलता. आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"न्हाई."
इतका स्वच्छ. रडू आलं, हसूही. म्हणजे आता बराबरलाही जागा मिळाली, दोन शब्द झाले की एकेकाच्या अर्थाला कड येते, असं मी मायला भराभर सांगत सुटले. तिला काय कळणार, पण ती "हां, हां" करत होती. काकांना ओरडून सांगितलं. सविताचा प्रश्न आठवला, उद्याचा तास आठवला. उद्याचा तास गेला खड्ड्यात. जीप सोडून दिली.
मायने चहा आणला. "घेता का वं?"
"न्हाई," आप्पा म्हणाले, आणि कपासाठी हात पुढे केला.
मी मायकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. कप त्यांच्या हातात दिला. मायने बशी धरली, त्यांनी डाव्या हाताने ओतून, फुंकर घालून, सगळा चहा प्याला. मग तोच हात पुन्हा माझ्या मनगटावर.
चपला काढून ठेवल्या आहेत. आज इथेच आहे.