चाकूरचा स्वच्छ डेटा

३ एप्रिल. लातूर.
महिनाअखेर थिसिस दिला नाही तर नोंदणी रद्द. आमच्या कॉलेजात विभागप्रमुखाच्या खुर्चीवर प्रियदर्शनी मॅडमनी रुमाल टाकून ठेवलाच आहे. पण चिंता नाही. माझं मॉडेल तयार आहे. दुकानदाराचा अ‍ॅपवर विश्वास बसतो, म्हणून तो स्टॉकसाठी अ‍ॅप वापरतो. दोन चौकोन, मध्ये बाण. आता नांदेडचे गाइड अमृतराव सर म्हणतात, दुकानदारांशी बोलून मॉडेल पडताळा. ज्यांना बाण कळत नाही ते पडताळणार! उद्या पहाटेच चाकूर उरकतो.

७ एप्रिल. चाकूर.
पोचलो दुपारी. पहाटेच्या एसटीत चिंतन होत नाही. बियाण्यांचे दुकानदार रेवणप्पा. चहा हातात देऊन बसले. विचारलं, विश्वास आहे म्हणूनच अ‍ॅप वापरता ना? म्हणाले, हाव सर. शेजारचे हार्डवेअरवाले पाशामियाँ, तेही हाव. पेठभर चहा, पेठभर हाव. एवढा स्वच्छ डेटा पुण्यातसुद्धा कुणाला मिळाला नसेल.

११ एप्रिल. नांदेड.
सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाले, यात तुम्हीच बोलून राहिलात. आता उलटं विचारून या, आधी वापर आणि मग विश्वास. सरांना माझा वेग सहन होत नाही.

२१ एप्रिल. चाकूर.
मधले दिवस चौकोनांना रंग देण्यात गेले. आवश्यकच होतं. आज उलटं विचारलं. रेवणप्पा म्हणाले, हाव सर. पाशामियाँ, हाव. लोकांना काही तत्त्वच नाही. चिडून म्हटलं, अ‍ॅप दाखवा. रेवणप्पांनी मोबाइल पुढे केला. त्यात अ‍ॅप नव्हतंच. मग हाव कशाला म्हणालात? तर म्हणे, तुमी एवढ्या उन्हात आले, चहा हातात धरलेल्या पाहुण्याला न्हाई कसं म्हनावं? पाशामियाँच्या मोबाइलमध्येही नाही. मॉडेलमध्ये काही दोष नाही. चाकूरच चुकीचं निघालं.

३० एप्रिल.
थिसिस गेला नाही. प्रियदर्शनी मॅडमनी स्टाफरूममध्ये विभागप्रमुख झाल्याचे पेढे वाटले. मला दोन दिले, त्याची जास्त चीड आली. घरी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून समोर लागलेल्या चाकूरच्या गाडीत बसलो. रेवणप्पांनी नेहमीसारखं बसवलं. फार वाईट वाटत होतं. न राहवून विचारलं, पुन्हा नोंदणी केली तर होईल ना हो माझी पीएचडी?
म्हणाले, हाव सर, लई जोरात होईल.
बरं वाटलं. मग हातातल्या चहाकडे लक्ष गेलं.