मैदानाच्या मधोमध पुतळा

बाबा, तुमचा पुतळा मी होऊ दिला नाही. चिडा हवं तेवढं.

चारकोपच्या आपल्या मंडळाने ठरवलं होतं, तुम्हाला मैदानाच्या मधोमध उभं करायचं. गणवेशात, छातीवर शौर्यपदक. भोवती लाद्या, बाकडी, कारंजं. संध्याकाळी मी तिथेच मुलींना कबड्डी शिकवते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी काल सभेत सेक्रेटरी म्हणतो, "ताई, साहेबांचा मान आहे ना! एकदम झकास दिसेल." म्हटलं, "आणि माझ्या मुली चढाई कुठे करणार रे, कारंज्यात?" सगळे हसले. मला मात्र रागाने रडू येत होतं. जो माणूस जन्मभर कबड्डी खेळला, त्याच्याच नावाने कबड्डीचं मैदान बुजवायचं, हे सुचतं तरी कसं यांना?

तुम्ही सुट्टीवर यायचात ते आठवतं. ट्रंक दारात तशीच पडलेली. आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "अहो, आदी दोन घास खावा, मगे खेळाक जावा!" आणि तुम्ही हाफपँटवर मैदानात, फक्की घेऊन स्वतः रेषा आखताय. अख्खी पलटण हाताखाली असलेला कर्नल, मातीत ओणवा. चढाईला निघताना मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला लावायचात. एकदा मी चपला घालून मैदान ओलांडलं, तर सगळ्यांसमोर खेकसलात, "चपला काढ! हा रस्ता नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. आता मीही मुलींवर तश्शीच खेकसते. पण मला तुम्ही कधी खेळू दिलं नाहीत. म्हणे, मुलींचं काम नाही, गुडघे फुटतात. फुटले की! तुमची सुट्टी संपली रे संपली की मी मैदानात. आईला सगळं माहीत होतं. तीच हळद लावायची.

तर काल मंडळाला घरच्यांची संमती हवी होती. वाद वाढायला लागला तशी मी उठले आणि ठणकावून सांगितलं, "बाबांची शेवटची इच्छा होती, मैदान मोकळं ठेवा." साहेबांच्या शब्दापुढे कोण बोलणार? पुतळा रद्द झाला. आज मुली खेळल्या तिथे, आरडाओरडा करत.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात. पदक लावल्यावर आरशासमोरून हलायचा नाहीत तुम्ही. तुम्हाला तो पुतळा भारी आवडला असता.