न कळवता जाण्याबद्दल

प्रिय छोट्या,

मंत्र्याला कुणी छोट्या म्हणत नाही, ठाऊक आहे मला. पाकिटावर तुझं पद नीट लिहिलंय, पण आतला मजकूर माझा आहे.

माझं छान चाललंय असं लिहिणार होते, पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं! वरच्या सभागृहात पाठवताना तू म्हणालास, ताई, जन्मभर रुग्णांची उस्तवार केलीस, आता जरा खुर्चीत बस. बसलेय. पण उपाहारगृहात माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. तुमच्या बाजूचे म्हणतात, ही नसते प्रश्न विचारते. समोरच्यांना वाटतं, मंत्र्याची बहीण, हिच्यापुढे तोंड उघडायला नको. चहा एकटीच पिते. फार एकटं वाटतं रे.

आम्ही म्हाताऱ्यांनी नुसत्या माना डोलवायच्या, असं तुम्हा खालच्यांना वाटतं. पण इथे विधेयकाचं एकेक कलम मोठ्याने वाचतात, कुणाला घाई नसते. तुझं वृद्धाश्रमांचं विधेयक तुमच्याकडे जेवणाच्या सुट्टीआधी मंजूर झालं. इथे मात्र तपासणीच्या कलमाशी मी अडले. तपासनीस येणार हे आश्रमाला आठवडाभर आधी कळवायचं म्हणे! ते पेपरात आल्यापासून लोक मला भेटायला येतात. एक शिंपी वडिलांबद्दल सांगून गेला. एक बसवाहक बाई सासूबद्दल बोलता बोलता रडायला लागली. दोघांचं म्हणणं एकच, कळवून गेलं की सगळं झकास असतं.

आई आश्रमात होती तेव्हा तूही कळवूनच जायचास. तुझ्या कामाचा व्यापच तसा होता. तुझा फोन गेला की आईच्या अंगावर धुतलेले कपडे, पलंगावर नवी चादर, उशाशी फुलं. मी मात्र रुग्णालयातली पाळी संपली की मिळेल त्या बसने निघायची. एका दुपारी गेले, तर तिचे हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. मनगटं सोलवटली होती. मला बघून ती आधी हसली, मग तिने तोंड फिरवलं. तिला तशीच घरी घेऊन आले. तुला वाटलं, ताईने हट्टाने आईला तुझ्यापासून तोडली. तू बोलणं टाकलंस. खरं सांगायला कितीदा फोन उचलला, पण आईने गळ घातली होती, त्याला कळलं तर तो स्वतःला माफ करणार नाही, सांगू नकोस. ती गेली तेव्हाही आपण दोघं दोन टोकांना उभे होतो. पुढे तू बोलू लागलास, पण तो विषय आपण कधी काढला नाही.

उद्या आधी कळवण्याची ती अट काढून टाकण्याची दुरुस्ती मी मांडणार आहे आणि उत्तर द्यायला तू येणार आहेस. आम्ही फार तर विधेयक तुमच्याकडे परत पाठवू, पुढे तुमची मर्जी. पण त्या मनगटांबद्दल मी बोलणार आहे, कारण नुसत्या कलमावर बोललं तर सगळे डुलक्या काढतील. आईचं नाव घेणार नाही, तरी तुला कळेल. ते तुला भर सभागृहात, सगळ्यांदेखत कळू नये, म्हणून आज आईचा शब्द मोडून हे लिहिलं. रडायचं असेल तर आजच रडून घे, छोट्या. उद्या तू सरकार आहेस, खुशाल विरोध कर, मी मनाला लावून घेणार नाही. फक्त उत्तर देताना कागदात डोकं घालू नकोस, माझ्याकडे बघून बोल.

उद्या तुझ्या विरोधात उभी राहणारी, तरीही तुझीच,
ताई