पिवळी काडतुसं

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

पुन्हा जाणार नाही. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, तरी गेलेच. पहाटे पाचला उठून एडिनबराजवळच्या फोर्थच्या खाडीत चिखलात बसायचं, का तर बदकं उजाडताना येतात! शशी आठवडाभर ऑपरेशन थिएटरमध्ये माणसं शिवतो आणि शनिवारी पाखरं फाडतो. बोललं तर म्हणतो, "तिथे डोकं शांत होतं, मंजू." होत असेल बुवा.

त्याची ती जुनी दुनळी — दोन नळ्या शेजारी शेजारी, बर्मिंगहॅमची, एका पेशंटच्या विधवेकडून घेतलेली. तिला जेवढं तेल लागतं तेवढं माझ्या केसांनाही मिळालं नसेल. शशीचा मित्र हरीश, त्याचीही दुनळीच, पण अंगाने बारीक, वीस बोअरची (बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक). त्याचा खांदा दुखतो म्हणून. तीच त्याने मला थोडा वेळ दिली, सहा काडतुसांसकट.

पहिल्याच बाराच्या धक्क्याने मी चिखलात आडवी झाले. दोघं पोट धरून हसले. माझा कोट भिजला म्हणून शशीने त्याचा मला घातला. तीन बार काढले, बदकांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

निघताना हरीशचं नेहमीचं — "खिसे!" गाडीच्या बॉनेटवर प्रत्येकाने खिसे उलटे करून दाखवायचे. का, तेही तो दर वेळी नव्याने सांगतो. त्याची काडतुसं पिवळी, बारीक. शशीची लाल, बारा बोअरची. चुकून पिवळं शशीच्या बंदुकीत गेलं तर नळीत पुढे घसरून अडकतं, आणि बंदूक रिकामीच दिसते. मग माणूस मागून लाल भरतो, आणि नळी हातात फुटते. हरीश बँकेतला माणूस, त्याला सगळं टॅली व्हायला हवं.

गारांचा पाऊस, बोटांची लाकडं झालेली, आणि कानात ते हसणं. मी गाडीतून उतरलेच नाही. "रिकामे आहेत," म्हटलं.

"सहाही उडवलीत, वहिनी? बदकं नशीबवान."

उडवली, म्हटलं. घरी आल्यावर कोट खुंटीला टांगला आणि गरम पाण्यात जाऊन बसले.

सोमवार, १६ नोव्हेंबर

डावा हातमोजा सापडत नाही. हरीशच्या बायकोने, नंदाने विणलेला, मोरपंखी. तिला सांगितलं तर दुसरा जोड विणेल, तोही याच रंगाचा.

शनिवार, २१ नोव्हेंबर

शशीच्या हातात बंदूक फुटली. डावा हात. मी त्याचे कपडे न्यायला घरी आले आहे. काय न्यायचं असतं?

रविवार, २२ नोव्हेंबर

दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. अंगठा राहील म्हणतात, वळेल याची खात्री नाही. ज्याने शिवलं त्याच्याशी शशी परवापर्यंत स्क्वॉश खेळत होता. मार्चमध्ये कन्सल्टंटच्या जागेचा इंटरव्ह्यू आहे. एका हाताचा सर्जन कोण घेणार?

हरीश कॉरिडॉरमध्ये बसून होता, शर्टाच्या बाह्या रक्ताने कडक झालेल्या. त्याने सांगितलं ते असं. अंधार होता, रंग दिसत नव्हते. शशीने खिशातून दोन काडतुसं काढून भरली. बदकं आली. चाप ओढला तर उजवी नळी वाजलीच नाही. उघडून पाहिलं — रिकामी. घाईत भरायचं राहिलं असं वाटलं त्याला, म्हणून त्याने पुन्हा भरलं.

"काडतुसांची बॅग मी भरली होती, वहिनी. माझंच पिवळं त्याच्याकडे गेलं." हेच पुन्हा पुन्हा.

मी त्याला मशीनमधला चहा आणून दिला.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

इथे तरी लिहून टाकते. मी तीनच उडवली होती. उरलेली तीन शशीच्या त्याच कोटाच्या खिशात होती.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

पोलीस येऊन गेला. भला माणूस, दाराशी बूट काढले. कोटाच्या खिशात नुसती लाल काडतुसं मिळाली म्हणाला. पिवळं एकही नाही? एकही नाही, मॅडम. मी दोनदा विचारलं.

मग माझी कुठे गेली? एक फुटलं असेल तर दोन खिशात उरायला हवीत! म्हणजे घरी आल्यावर मीच काढून ठेवली असतील. काढली आणि विसरले. म्हणजे फुटलं ते हरीशच्याच बॅगेतलं. या आठवड्यात आज पहिल्यांदा घासभर भात गोड लागला. लाज वाटते, पण लागला.

शनिवार, ५ डिसेंबर

शशी घरी आला. दुपारी हरीश आणि नंदा आले, डब्यात शिरा घेऊन.

शशी उठलाच नाही. "दहा वर्षं आमचे खिसे उलटे करायला लावलेस. तुझी स्वतःची बॅग कुणी बघायची?"

"चुकलं माझं."

"या घरात पुन्हा येऊ नकोस."

नंदा रडायला लागली. "मंजिरी, तू तरी बोल ना काहीतरी!"

मी शशीच्या शर्टाची बटणं लावत होते. लावलेली पुन्हा लावली. हरीशने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नंदाला उठवलं आणि गेला. शिरा मी तसाच टाकून दिला.

शुक्रवार, ८ जानेवारी १९८८

कपाटं, बुटांचे खोके, धुण्याची बास्केट, शिवणाचा डबा — सगळं उपसून झालं. तिन्ही पिवळी घरात सापडली तर मी सुटले. सापडत नाहीत. मोजाही नाही.

हरीशचं बंदुकीचं सर्टिफिकेट पोलिसांनी काढून घेतलं. शिकारीच्या क्लबनेही नाव कापलं. एडिनबरातल्या आपल्या लोकांत तर तोंडाला कुलूप कुणाच्याच नाही. संक्रांतीला त्यांना कुणी बोलावत नाहीये. मीही नाही.

शनिवार, ६ फेब्रुवारी

ते दोघं गेले. एजवेअरला, हरीशच्या भावाकडे. निरोपाला गेले नाही.

शशीने आज इंटरव्ह्यूला येत नसल्याचं पत्र लिहिलं. कागद सरकू नये म्हणून त्यावर डावं कोपर ठेवलं होतं. मग म्हणाला, "हरीशला मी मरेपर्यंत माफ करणार नाही." त्याच्याएवढा जवळचा त्याला भाऊही नव्हता.

आता मला सहन होत नाही. मी काडतुसं काढली नव्हती, हे मला माहीत आहे, पोलिसांना मिळोत न मिळोत. वीस तारखेला बदकांचा सीझन संपतो. त्याच्या आत शशीला सांगणार. तो मला घराबाहेर काढेल, काढू दे.

शनिवार, २० फेब्रुवारी

आज सांगणारच होते. सकाळी पोस्टमन पार्सल देऊन गेला. एजवेअरचा शिक्का, हरीशचं अक्षर. आत माझा मोरपंखी मोजा. धुतलेला, तरी तळव्यावर तपकिरी डाग राहिलाच आहे. सोबत चिठ्ठी —

"वहिनी, रक्त दाबून धरायला काहीतरी शोधत होतो, तेव्हा शशीच्या खिशात हा सापडला. त्याच्याखाली दोन पिवळी होती, ती खाडीत टाकली. शशीला कधीही सांगू नका. हात गेला, निदान घर राहू दे."

शशीने वरून हाक मारली, "कुणाचं पार्सल?"

"नंदाचं," म्हटलं. "मोजे पाठवलेत."